बिनलवीचा सप्ताळू

मागच्या रविवारी सकाळी मी झाडाची पानं कापत बसले होते. कात्रीनं, एकेक पान, देठ तेवढा ठेवून. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. जरा वेळ त्यांनी कळ काढली, मग विचारलंच, "रोग पडला का गं त्याच्यावर?" म्हटलं, नाही काकू, झोपवायलेय त्याला. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी मात्र नातवाला "त्या मावशीच्या झाडाजवळ जाऊ नको" असं बजावताना ऐकू आलं.

झाड नेक्टरीनचं, म्हणजे थंड मुलखातल्या एका फळाचं. दोनशे लिटरचा निळा ड्रम मधोमध कापला, त्याच्या एका अर्ध्यात ते उभं आहे. उंची माझ्या कमरेच्या जरा वर. गाव परभणी. आता हसून घ्या, मग पुढे वाचा.

खूळ डोक्यात शिरलं ते २०१८ च्या जूनमध्ये. एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास सवलत, घेऊन आम्ही कुलू-मनालीला गेलो होतो. कुलूच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक बाई टोपलीत लालभडक फळं घेऊन बसली होती. मला वाटलं मोठे आलुबुखार असतील. चावा घेतला तर आत पिवळा गर, पीचची चव, पण साल गुळगुळीत. रस कोपरापर्यंत ओघळला. ती म्हणाली नेक्टरीन. हॉटेलवर येऊन वाचलं तर कळलं की हे वेगळं फळ नाहीच. पीचच, फक्त अंगावरची लव नसलेलं. एका जनुकाचा फरक. पीचच्या झाडावर मधूनच नेक्टरीन लागल्याचे दाखले दीडशे वर्षांपूर्वी डार्विननं गोळा करून ठेवलेत. मराठीत पीचला सप्ताळू असा जुना शब्द आहे, फारसीतल्या शफ्तालूवरून आलेला. म्हणजे हा बिनलवीचा सप्ताळू. आमच्या बाजारातला फळवाला मात्र सगळ्यालाच आडू म्हणतो आणि आडू विकतही नाही.

रोप जानेवारी २०२० मध्ये कुरिअरनं आलं. मुळ्या ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या, वर वीतभर काडी. चिठ्ठीवर 'लो चिल, ड्वार्फ' एवढंच, म्हणजे कमी थंडीत भागणारं, बुटकं. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, पंचेचाळीस डिग्रीतही चालतं." चालतं हे खरं निघालं. फळतं का, हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

आधी बुटकेपणाचं सांगते, कारण त्यातच मी पहिली आपटले. झाड बुटकं दोन तऱ्हांनी होतं. एक तर कमी वाढणाऱ्या खुंटावर, म्हणजे मुळं असलेल्या खालच्या झाडावर, कलम बांधून. दुसरं, झाडाच्या जातीतच ठेंगणेपणा असतो. दोन पेरांमधलं अंतर इतकं कमी की पानं एकावर एक दाटतात आणि फांदी गायीच्या शेपटीच्या गोंड्यासारखी दिसते. माझं हे दुसऱ्या प्रकारचं. पण त्याचा खुंट साध्या, उंच वाढणाऱ्या पीचचाच आहे. लॉकडाऊनमध्ये दुसरं काम नव्हतं, दिवसातून चार वेळा झाडाकडे बघायचे. पावसाळ्यात एक फुटवा असा सरसरून वर आला की बघत राहावं. दोन महिन्यांत माझ्या खांद्याला लागला. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. दिवाळीत अण्णा आले, ड्रमजवळ उकिडवे बसले आणि बोटानं माती उकरून म्हणाले, "माय, हे तुझं झाड नाही. हा खुंट हाये. कलमाच्या खालून फुटलाय. तुझं झाड ते बाजूला दबून बसलेलं."

अण्णा म्हणजे माझे वडील. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात आमचं शेत आहे. चाळीस वर्षं त्यांनी मोसंबी केली, कलमाचा डोळा त्यांना अंधारात हातानं कळतो. त्यांनी खिशातल्या चाकूनं तो खांद्याएवढा फुटवा मुळापासून काढला आणि गाठीच्या जागी शेण लावलं. मला रडू यायचंच बाकी होतं. उरली ती टीचभर, गोंडेदार, केविलवाणी फांदी.

२०२१ चा फेब्रुवारी गेला, एक फूल नाही. २०२२ मध्ये चार आली. गुलाबी, कागदासारखी पातळ, आणि आठवड्यात चारही गळाली. पानं फुटली तीही टोकाला झुपक्यानं. खालच्या फांद्या मार्चपर्यंत उघड्याच. खताचं काही चुकलं असेल म्हणून मी शेणखत वाढवलं, मग निंबोळी पेंड, मग कुणीतरी सांगितलेलं ताक.

चूक खताची नव्हती, झोपेची होती. थंड मुलखातली झाडं पुढच्या वसंताच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवतात. मग हिवाळ्यात चार दिवस ऊन पडलं म्हणून फसून फुलू नये, यासाठी थंडीचे तास मोजतात. साधारण शून्य ते सात अंशांमधले तास. ते पुरेसे झाले की मगच डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, उघडायचे. नेहमीच्या पीच-नेक्टरीनच्या बऱ्याच जातींना असे सहाशे ते हजार तास लागतात. 'लो चिल' म्हणतात त्या जातींना दीडशे ते तीनशे. तास अपुरे पडले तर झाड अर्धवट झोपेतून उठल्यासारखं वागतं. थोडे डोळे फुटतात, थोडे नाही, फुलं गळतात. माझ्या झाडाचं लक्षण न् लक्षण जुळलं.

परभणीला थंडी नाही असं म्हणू नका. जगात जर्मनी, भारतात परभणी हे आम्ही उगाच नाही म्हणत. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातला नीचांकी आकडा बहुतेक वेळा आमचाच असतो, पेपरात 'परभणी गारठली' हा मथळा ठरलेला. पण तो आकडा कृषी विद्यापीठाच्या मोकळ्या रानातला. माझ्या घराला तीन बाजूंनी सिमेंटच्या भिंती. मी कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणला, वही केली, आणि कळलं की विद्यापीठात साडेसहा असेल तेव्हा माझ्या अंगणात साडेआठ असतं. सातच्या खालचे तास अख्ख्या हिवाळ्यात मोजून पस्तीस. वर दुपारी अठ्ठावीस-तीस अंश. दुपारची अशी ऊब रात्री जमलेली थंडी पुसून टाकते. सकाळी गल्ल्यात टाकायचं आणि संध्याकाळी काढून खर्च करायचं, असला हिशेब. मी बँकेत आहे, हे खातं कधी भरणार नाही एवढं मला कळत होतं.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं, वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट वाचली. मग म्हणाले, "थंडी थंडी काय लावलंय. त्याला ताण बसला पाहिजे. तू बाराही महिने पाणी पाजतीस, ते झोपंल काहून?"

ताण हा शब्द आमच्या घरात मी बाराखडीच्या आधी ऐकला असेल. मोसंबीला आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार असे तीन बहार येऊ शकतात, पण सगळे घेतले तर झाड खंगतं. म्हणून शेतकरी एक धरतो. आंबे बहार धरायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतात, झाड वाढ थांबवून गप्प बसतं. मग जानेवारीत आधी हलकं आंबवणीचं पाणी, पुढे चिंबवणीचं, आणि झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ताण किती द्यायचा हा खरा प्रश्न. भारी काळ्या रानात जास्त दिवस लागतात, हलक्या मुरमाड रानात कमी. कमी पडला तर बहार विरळ, जास्त झाला तर झाडच जातं. अण्णा म्हणायचे, पान दुपारी वळतंय ठीक, सकाळीही वळलेलं दिसलं की पाणी सोड.

मी म्हटलं, अण्णा, हे मोसंबी नाही, याला पाण्याची नाही, थंडीची झोप लागते. ते म्हणाले, झोप ती झोप. मला ते अडाणीपणाचं वाटलं. रात्री शोधत बसले तर इंडोनेशिया सापडलं. जावा बेटावर बातू नावाचं गाव आहे. विषुववृत्ताच्या इतकं जवळ असून तिथं सफरचंदाच्या बागा आहेत. खरी थंडी तिथं नाहीच. फळं काढली की लोक झाडाची सगळी पानं हातानं ओरबाडून टाकतात, आणि झाड खोल झोपेत जायच्या आधीच नव्यानं फुलतं. पान हे झाडाचं घड्याळ. घड्याळच काढून घ्यायचं. सकाळी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू बातूवाले त्यांच्याच भावकीतले.

तर २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून झाड झोपवलं. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा चाकं लावलेला स्टँड करून घेतला, आणि ड्रम ढकलत घराच्या उत्तरेला नेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीच्या पायाशी दिवसभर सावली असते. इंग्लंडात पीच दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून वाढवतात म्हणे, तिच्या तापलेल्या विटांची ऊब मिळावी म्हणून. मी त्याच झाडासाठी गार भिंत शोधत फिरत होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी निम्म्यावर आणलं. पूर्ण तोडलं नाही. ड्रम म्हणजे शेत नव्हे, खाली ओल साठलेली नसते, चार दिवसांत खेळ खलास. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पानं काढली. देठ ठेवायचं कारण असं की त्याच्या बगलेतच डोळे असतात. नीट बघितलं तर बऱ्याच ठिकाणी तीन-तीन दिसतात: मधला टोकदार तो पानाचा, बाजूचे दोन फुगीर ते फुलांचे. पान ओढलं तर सालीसकट डोळाही येतो. देठ नंतर आपोआप गळतात. हे डोळे त्याच वर्षी वाढलेल्या काडीवर असतात, म्हणून गुलाबासारखी सरसकट छाटणी केली की पुढच्या वर्षीची फुलं कचऱ्यात. तेही मी एकदा करून बसले होते.

राहिली दुपारची ऊब. ती युक्ती माठावरून सुचली. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी ठणठणीत. मी जुनं सुती पातळ पाण्यात भिजवून दुपारी अकरा ते चार झाडाभोवती गुंडाळायला लागले. बाहेर सावलीत अठ्ठावीस असताना आत एकवीस. सात अंशांची कमाई, फुकटात. काकूंनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं होतं, झाडाला लुगडं काहून नेसवलं म्हणून.

एक सोपा मार्गही होता. कडवंचीकडे माझ्या आतेभावाची द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की ते लोक काड्यांच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. ते औषध पीचवरही चालतं. तो बाटलीत थोडं आणून द्यायला तयार होता. अण्णांनीच नको म्हटलं. ते लावणाऱ्या माणसानं त्या दिवशी दारूचा घोट जरी घेतला तरी चेहरा लाल होऊन धाप लागते, दवाखाना गाठावा लागतो. दारू आमच्याकडे कुणी पीत नाही, पण घरात पोरगं आहे, अंगणात मांजर आहे. एका ड्रमातल्या झाडासाठी असलं विष घरात कशाला?

२०२३ च्या फेब्रुवारीत झाड फुललं. तीसेक फुलं. खालच्या फांद्यांवरसुद्धा. या झाडाला दुसऱ्या झाडाचं परागण लागत नाही, आपल्याच परागावर फळ धरतं. तरी मी रोज सकाळी मुलाच्या रंगाच्या ब्रशनं फुलांवरून हात फिरवायचे. नऊ फळं धरली, बोराएवढी झाली. आणि मार्चमध्ये गारपीट. त्या वर्षी मराठवाड्यात गहू झोपला, हरभरा गेला, आंब्याचा मोहोर झडला. लोकांचं एवढं गेलेलं असताना आपली नऊ बोरं गेली म्हणून कुणाजवळ बोलायचं? अण्णांना फोन केला तेव्हा मी फळांचं बोललेच नाही. शेवटी त्यांनीच विचारलं. "सगळी?" म्हटलं, सगळी. "बरं," म्हणाले, "झाड हाये ना?"

हे वाक्य ते सहज बोलले, पण मला २०१३ आठवलं. त्या दुष्काळात आमची मोसंबी वाळली. विहीर आटली, दोन बोअर घेतले ते कोरडे गेले, टँकरनं दोन महिने बाग धरून पाहिली. जालना जिल्ह्यात त्या वर्षी बागाच्या बागा गेल्या. आमची तीनशे झाडं अण्णांनी उन्हाळ्यात तोडली, लाकूड वीटभट्टीला गेलं. तेव्हापासून शेतात सोयाबीन आणि तूर. मोसंबी परत लावायचा विषय आम्ही काढत नाही, तेही काढत नाहीत.

पाण्याचं माझ्या मनालाही लागतंच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात हौसेचं झाड पोसायचं म्हणजे जरा चोरट्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात ड्रमाला रोज सात-आठ लिटर पाणी लागतं. तेही बोअरचं चालत नाही. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की बादलीवर पांढरा थर बसतो. ते दिलं की कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती चुनखडीची झाली की लोह असूनही झाडाला घेता येत नाही, त्याची ही खूण. म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी दोन टाक्यांत साठवून ठेवते, ते फक्त त्याचं. लोह मिळावं म्हणून महिन्यातून एकदा चिमूटभर फेरस सल्फेट पाण्यात विरघळवून, त्यात लिंबू पिळून. आणि आरओचं वाया जाणारं पाणी द्यायचा मोह अजिबात करू नका, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. मातीही अंगणातली नको. आपली काळी माती ओली झाली की मुळं गुदमरतात, सुकली की भेगाळते. मी दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू घेतली आणि ड्रमाला खाली बारा भोकं पाडली. एप्रिलपासून वर हिरवी शेडनेट.

२०२४ ला चाळीसेक फळं धरली. आता खरं अवघड काम. बोराएवढी झाली की विरळणी करायची, दोन फळांत चार-पाच बोटांचं अंतर राहील एवढीच ठेवायची. नाहीतर सगळीच गोटीएवढी राहतात. मी बारा ठेवली. अण्णा त्या दिवशी आमच्याकडेच होते. पहिली पाच-सहा फळं मी खुडली तोवर ते बघत होते. मग उठून आत गेले आणि टीव्ही लावला. मोसंबीत अशी हातानं खुडत नाहीत, झाडाला नको असतील ती फळं झाड स्वतः टाकतं. जेवताना म्हणाले, "बरोबरच असंल तुझं. मला बघवंना."

बारातली दोन बुलबुलांनी टोचली, दोन खारीनं नेली. मग मी जुनी मच्छरदाणी टाकली. फळमाशीसाठी सापळा टांगला होता, तरी एकात अळी निघाली. उरली सात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, ती एकेक करून लाल झाली. कुलूला खाल्ली होती ती मुठीएवढी, ही मोठ्या लिंबाएवढी. पहिलं फळ बोटानं जरा दबलं तेव्हा तोडलं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी चार फोडी केल्या. नवरा म्हणाला छान आहे. मुलगा म्हणाला आंबा बरा. मला विचाराल तर देठाकडे जरा तुरट, आणि मग ती चव आली. रस मात्र कोपरापर्यंत जाण्याइतका नव्हता, मनगटावर थांबला.

अण्णांनी शेवटी खाल्लं. सावकाश, कोय चोखून. मग कोय हातात फिरवत म्हणाले, "हे लावलं तर असंच येतंय का?"

मी समजावून सांगितलं. लव नसणं आणि बुटकेपणा, दोन्ही गुण लपून राहणारे. आईबाप दोघांकडून आले तरच दिसतात. हे झाड आपल्याच परागावर फळलंय, तेव्हा रोपही बहुतेक बुटकं आणि बिनलवीचंच होईल. चवीचं मात्र सांगता येत नाही.

"अन् ह्याला थंडी?"

बियाची गोष्ट सोपी आहे, म्हटलं. ओल्या वाळूत घालून फ्रीजमध्ये दोन-तीन महिने ठेवायचं. झाड फ्रीजमध्ये बसत नाही, कोय बसते.

ते हसले. कोय सदऱ्याला पुसून खिशात टाकली आणि संध्याकाळच्या गाडीनं परतूरला गेले. त्या वर्षी ती उगवली नाही. नुसतीच मातीत पुरली होती त्यांनी, फ्रीजचं पोरीचं काहीतरी खूळ म्हणून.

यंदाच्या मेमध्ये अकरा फळं मिळाली. खाऊन झाल्यावर अण्णांनी स्वतः कोयी धुऊन सावलीत वाळवल्या, मोजून माझ्या हातात दिल्या. दसरा झाल्यावर मी त्या ओल्या वाळूत घालून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, दह्याशेजारी. वर चिठ्ठी: 'खाऊ नये, अण्णांचं आहे.' दर चार दिवसांनी त्यांचा फोन येतो. आधी आमच्याकडचं तापमान विचारतात, मग त्यांच्याकडचं सांगतात. त्यांनीही थर्मामीटर घेतलाय, गोठ्याच्या मेढीला टांगलाय. मग जरा थांबून, "डबा बघितला का?"

आज पहाटे माझ्याकडे ९.४ होतं, त्यांच्याकडे ७.८. दूध ठेवताना डबा उघडला. अकरातली एक कोय शिवणीवर तडकलीय, फटीतून पांढरं मूळ डोकावतंय, तांदळाच्या दाण्याएवढं. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. शनिवारी येणारच आहेत, झाडाचे देठ गळाले का ते बघायला.